तोतया

राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात घातली की त्यांची सुकेळी होते, हे वसईत कुणाला सांगावं लागत नाही. प्रोग्रॅम साठवणारी ईप्रॉमची चिप आठवडाभर उन्हात ठेवली की तीही कोरी होते, हे मात्र मला पॉलिटेक्निकमध्ये असताना एका डेटाशीटच्या बारीक अक्षरांत सापडलं. ट्यूबलाइटच्या उजेडात तिला पुसलं जायला साधारण तीन वर्षं लागतात, थेट उन्हात एक आठवडा. प्रयोगशाळेत अतिनील दिव्याची एकच पेटी होती आणि तिच्यासमोर कायम रांग. तेव्हा माणिकपूरला आमच्या घराच्या गच्चीवर, आईनं वाळत घातलेल्या केळ्यांच्या शेजारी, मी २७६४ जातीच्या दोन ईप्रॉम ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी आईनं त्यातली एक उचलून अंगणात भिरकावली. तिला तो किडा वाटला होता. तिची काय चूक? दोन बाजूंना मिळून अठ्ठावीस पाय, पाठीवर काचेचं चकचकीत भिंग. आठवड्याअखेर एक चिप पूर्ण कोरी निघाली. अंगणात पालथी पडलेली दुसरी अर्थातच होती तशीच राहिली.

त्या भिंगातून आतला सिलिकॉनचा तुकडा दिसायचा. डोव्ह फ्रोहमन या इंटेलमधल्या अभियंत्यानं १९७१ साली ही जात जन्माला घातली. तीही दुसऱ्याच एका मेमरी चिपमधला बिघाड शोधता शोधता. कुठेही न जोडलेल्या एका इवल्याशा पट्टीत वीजभार अडकून बसतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो मुद्दाम अडकवला तर? प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे भार कोंडायचा, पुसायचा म्हणजे अतिनील प्रकाश देऊन त्याला बाहेर पडू द्यायचं. बिघाडाचाच धंदा केला गड्यानं. मला हे फार आवडतं.

आमचा दिनक्रम मात्र त्यामुळे ठरून गेला होता. कोड लिहा, चिप बर्न करा, सॉकेटमध्ये दाबा, वीज द्या. काही होत नाही. चिप उपसा, वीस मिनिटं दिव्याखाली ठेवा, तोवर कागदावर विचार करा. ८०३१ प्रोसेसरच्या बोर्डावर आत काय चाललंय हे कळायचा एकच मार्ग, एखाद्या पिनेला एलईडी लावायचा आणि प्रोग्रॅम तिथवर पोचला तर तो पेटवायचा. पेटला तर चूक पुढे, नाही पेटला तर मागे. रमेश गांवकरांच्या ८०८५ च्या पुस्तकावर आमची पिढी पोसली. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाचं पुस्तक वसईच्या पोरांच्या पिशव्यांत सुटं होईस्तोवर फिरायचं. पण त्यातले प्रोग्रॅम बरोबर असायचे. चुकलेल्याचं काय करायचं, ते ज्यानं त्यानं शोधायचं.

डबा मी पाहिला तो अंधेरीच्या पहिल्या नोकरीत. इन-सर्किट एम्युलेटर हे त्याचं खरं नाव, पण सगळे डबाच म्हणायचे. बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा, मागे संगणकाची वायर, पुढे हातभर लांब पट्टीची केबल आणि तिच्या टोकाला चाळीस पिनांचा प्लग. तो साहेबांच्या कपाटात कुलपात असे. पिना वाकवल्या तर पगारातून कापू, असं साहेब हसत हसत सांगायचे, पण ते हसणं आम्ही खरं मानलं नाही. बोर्डावरचा प्रोसेसर उपटून काढायचा आणि त्याच्या सॉकेटमध्ये हा प्लग बसवायचा. बोर्डाला पत्ता लागत नाही. त्याला वाटतं, आपला प्रोसेसरच बसलाय. आणि डब्याच्या या बाजूला आपण बसून हवं तिथे त्याला थांबवायचं, एकेक आज्ञा पुढे सरकवायची, रजिस्टरमध्ये काय आहे ते वाचायचं, वाटलं तर बदलायचंही. एलईडी पेटवून चाचपडणाऱ्याला हे म्हणजे भिंतीपलीकडचं दिसू लागल्यासारखं होतं. इंटेलनं १९७५ मध्ये ८०८० साठी पहिला असा डबा काढला. आमचा ८०३१ ज्यातला, ते ८०५१ चं घराणं आलं १९८० साली, आणि त्याचे डबे पुढे वर्षानुवर्षं चालले.

मला त्यात तोतया दिसला तो नंतर. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये आमचा वसईचा किल्ला घेतला. त्यांचाच मुलगा सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडला. आणि त्या भाऊसाहेबांच्या नावावर एक तोतया उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी झाली, खोटा ठरला, कैदेत गेला. तरी १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटून त्यानं कोकणात बंड उभारलं, आणि शहाणीसुरती माणसंही त्याच्या मागे गेली. तोतया ओळखायचा कसा? चेहऱ्यावरून नाही, बोलण्यावरून नाही. खऱ्यानं जे सोसलं ते यानं सोसलेलं नसतं, तिथे तो उघडा पडतो.

वसईजवळच्या वालीवच्या एका गाळ्यात प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनला आम्ही कंट्रोल पॅनल करून दिलं होतं. गाव माझं म्हणून काम माझ्याकडे. अंधेरीत चार दिवस डब्यावर चाललं, मग खरा ८०३१ आणि ईप्रॉम बसवली, तरी चाललं. गाळ्यात लावलं आणि दोन दिवसांनी शेठचा निरोप आला, पॅनल झोपलं. डिस्प्लेवर एकच आकडा गोठलेला. बंद करून चालू केलं की ठीक. मी गाडीत डबा मांडीवर घेऊन विरार लोकलच्या गर्दीतून वसई गाठली. (संध्याकाळच्या विरार गाडीत मांडीवर खोकं घेऊन बसणाऱ्याबद्दल लोक काय बोलतात, ते इथे छापण्यासारखं नाही.) डबा लावला की पॅनल दिवसभर शहाण्यासारखं चालायचं. काढून खरी चिप लावली की दोन-तीन दिवसांत झोपायचं. तीन आठवडे हेच. शेठ म्हणाले, “मग डबाच ठेवून जा ना!” डब्याची किंमत सांगितल्यावर त्यांनी चहा मागवला.

शेवटी एका संध्याकाळी मी नुसता बसून होतो, डबा नव्हता. ट्यूबलाइट एकदा लुकलुकल्या. कामगारांनी मानही वर केली नाही, रोजचंच. मी पॅनलकडे पाहिलं, तर आकडा गोठलेला.

८०३१ ला सुरुवातीला रीसेटचा धक्का लागतो. तो आम्ही दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर, एवढ्यावर भागवला होता. वीज पूर्ण जाऊन आली तर कपॅसिटर रिकामा होतो आणि धक्का नीट बसतो. पण अर्ध्या क्षणापुरता व्होल्टेज निम्म्यावर येऊन परतला, तर कपॅसिटर रिकामा होत नाही, धक्का बसत नाही, आणि प्रोसेसर मात्र तेवढ्यात भरकटलेला असतो. डब्याचं तसं नव्हतं. त्याचा स्वतःचा भलामोठा पॉवर सप्लाय, स्वतःचा क्रिस्टल, स्वतःचा रीसेट. तो बोर्डाच्या घरात राहायचा, पण शिधा स्वतःचा आणायचा. मग त्या घरात काय कमी आहे, हे त्याला कुठून कळणार?

लॅमिंग्टन रोडवरून टीएल ७७०५ आणली. आठ पिनांची चिप, पाच व्होल्टची वीज ४.५५ च्या खाली गेली की प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवणारी. त्या रस्त्याचं नाव केव्हाच डॉ. भडकमकर मार्ग झालंय, पण तिथे कुणी ‘भडकमकर मार्गावरून आयसी आण’ म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. पॅनल पुन्हा झोपलं नाही.

डबे पुढे संपलेच. चिपचा वेग वाढला तशी ती हातभर केबलच आड येऊ लागली. मेमरी चिपच्या पोटात गेली, तेव्हा बाहेरच्या पिनांवरून आतलं काही कळेना. मग डब्यांसाठी जादा पिना बाहेर काढलेल्या खास चिप बनवायच्या, त्याही मोजक्या आणि महाग. शेवटी कारखानदारांनी देखरेखीची सोय चिपच्या आतच बसवली. १९९० साली प्रमाणित झालेलं जेटॅग मुळात बोर्डावरचे सांधे तपासायला होतं, त्याच वाटेनं आत शिरायचं ठरलं. आता तर एआरएमच्या चिपला दोन तारा पुरतात. कॉर्टेक्स-एम३ मध्ये सहा ठिकाणी थांबायच्या खुणा आतच असतात, आणि त्या वाचणारा पेनड्राइव्हएवढा ॲडॉप्टर काहीशे रुपयांत मिळतो. तोतया नेमायची गरज उरली नाही. किल्ल्यातलाच एक माणूस फितवून ठेवलेला असतो. (वसई फितुरीनं नाही, सुरुंगांनी पडली, पण ते असो.)

दरम्यान नवघर-माणिकपूरची नगरपरिषद २००९ मध्ये महापालिकेत गेली, आमच्या घराच्या जागी इमारत आली आणि गच्ची सातव्या मजल्यावर चढली. सुकेळी आता आम्ही विकत आणतो.

गेल्या पावसाळ्यात पुतणीनं, ती इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इमारतीच्या टाकीतलं पाणी मोबाइलवर दाखवायचं मनावर घेतलं. ईएसपी३२, वर एक अल्ट्रासॉनिक सेन्सर. पण बोर्ड विकत घ्यायच्या आधी तिनं अख्खं सर्किट वोकवी नावाच्या सिम्युलेटरवर ब्राउझरमध्ये चालवून पाहिलं. चिप नाही, तार नाही, टाकी नाही, सगळंच तोतया. आणि सगळं चाललं. मग खरा बोर्ड टाकीवर चढला, खालच्या मजल्यावरच्या मोबाइल चार्जरपासून लांबलचक बारीक वायर ओढून. तासाभरानं ती लॅपटॉप घेऊन खाली आली, केस भिजलेले.

“काका, सिम्युलेशनमध्ये तर चालतंय. इथे वायफाय सुरू झालं की परत पहिल्यापासून सुरू होतंय.”

मी चष्मा शोधला. पडद्यावर तीच एक ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती: ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड. वायफाय पेटताना चिप एकदम जास्त वीज ओढते, लांब वायरीत व्होल्टेज पडतो, आणि चिप स्वतःच रीसेट होऊन तसं लिहून कळवते. वालीवच्या गाळ्यात मला जे कळायला तीन आठवडे लागले, ते ही दर दोन सेकंदांनी सांगत होती.

“ब्राउनआउट म्हणजे काय?” पुतणीनं विचारलं.

“वायर किती लांब आहे गं तुझी?” मी म्हटलं, आणि कपाटातून मल्टिमीटर काढून तिच्यामागे जिने चढू लागलो.