दुसरं पाणी

चहा हा उकळण्याचा पदार्थ आहे, अशी माझी बी.कॉम. होण्याच्याही आधीपासूनची समजूत. ती परवा माझ्या भाच्याने मोडली. तो तैवानला नोकरीला असतो. सुट्टीवर आला तेव्हा आमच्या कोपरीच्या घरी एक चकचकीत पाकीट ठेवून म्हणाला, "मामा, अलीशानचा ऊलाँग आहे."

"आलिशान आहे ते पाकिटावरूनच दिसतंय!" मी म्हणालो.

अलीशान हे तिथल्या डोंगराचं नाव निघालं. चहा हजार मीटरच्या वर पिकलेला. पाकिटात मिऱ्यांहून थोड्या मोठ्या हिरव्या गोळ्या. हिरवा चहा आणि आपला काळा चहा एकाच झुडपाचे, हे मला त्या दिवशी कळलं. पान खुडून पुरतं काळवंडू दिलं की आपला चहा. लगेच तापवून थोपवलं की हिरवा. ऊलाँगवाले पानं घुसळून कडा तेवढ्या काळवंडू देतात आणि मध्येच थांबतात. अर्धवट सोडलेल्या कामाला एवढी किंमत येते, हे आमच्या शाखेत कुणाला सांगू नका.

दूध नाही, साखर नाही, आलं तर नाहीच. पाणी 90 अंशांच्या आसपास हवं. घरातला तापाचा थर्मामीटर बेचाळीसलाच हात टेकतो, म्हणून उकळलेलं पाणी जरा निवू दिलं. 5 ग्रॅम गोळ्यांवर कपभर ओतून मिनिटभर झाकण ठेवलं. रंग फिका पिवळा. सौ. म्हणाली, "अहो, हा चहा झालाय की व्हायचाय?" पण वास मात्र थेट अनंताच्या फुलाचा! फूल घातलेलं नव्हतं, वास पानाचाच.

मी चोथा टाकायला उठलो तर भाचा ओरडला, "मामा, थांबा! खरी मजा दुसऱ्या पाण्यात. चार-पाच वेळा निघतो." मुद्दल तेच आणि व्याज दर फेरीला! अशी ठेव आमच्या बँकेने कधी काढली नाही.

कोपऱ्यात मेथी निवडणाऱ्या आईने मान वर केली. "म्हणजे चोथ्यावरचाच ना?" तिने बशीत ओतून घोट घेतला. "छान आहे. माझा एवढा चांगला नसायचा."

"तुझा कुठला?"

"अरे, तुझ्या बाबांचा कारखाना बंद होता तेव्हाचा. पहिलं पाणी त्यांना नि आल्यागेल्याला. दुसरं माझं."

आपली डब्यातली पूड यंत्रात कुस्करून केलेली. पहिल्याच उकळीला सगळं देऊन मोकळी होते. दुसऱ्या पाण्याला उरतो तो नुसता रंग. आणि मी मात्र लग्न झाल्या झाल्या सौ.ला बजावलं होतं, "आईला फिकाच चहा आवडतो हं." सौ. तेव्हापासून इमानेइतबारे सासूला फिका चहा देत आली. हिशेबात एवढी मोठी चूक मी बँकेत केली असती, तर केव्हाच घरी बसलो असतो.

"आई, तू कधी बोलली नाहीस?"

"सूनबाई प्रेमानं करते. काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पातेलं चढवलं. दोन चमचे पूड, आलं, भरपूर दूध, खळखळून उकळी. पहिला कप आईला.

आईने घोट घेतला, "आलं कमी पडलं रे," म्हणाली, आणि रिकामा झाल्यावर कप पुन्हा पुढे केला.