सही करण्याआधी

नंदुरबारच्या टोकाला आमची बैठ्या घरांची कॉलनी आहे. १५ वर्षांपूर्वी अब्बांनी इथे प्लॉट घेतला, तेव्हा समोर मिरचीची पथारी असायची. थंडीत सगळं मैदान लाल व्हायचं आणि घरात सगळे शिंकत बसायचे. गेल्या दिवाळीनंतर तिथे पत्रे ठोकले गेले. मग फलक लागला: सात मजले, ८४ फ्लॅट.

आप्पांच्या ओट्यावर बैठक भरली. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक, कॉलनीचं काहीही असलं की ओटा त्यांचाच. तक्रारी खऱ्या होत्या. समोरून ट्रॅक्टर आला तर मोटरसायकल गटारीला टेकवावी लागते, इतका आमचा रस्ता अरुंद. नळ रोज येत नाही, मे महिन्यात बोअर आटतात. शहराची तहान भागवणारं विरचक धरणही शेवटी पावसावरच भरतं. त्यात ८४ कुटुंबांचं सांडपाणी याच गटारीत.

आप्पांनी हरकतीचा अर्ज वाचून दाखवला. रस्ता, पाणी, गटार आणि मग चौथा मुद्दा: 'बाहेरचे, कसलेही लोक राहायला येतील व कॉलनीचे वातावरण बिघडेल.' सगळ्यांनी माना डोलावल्या. कागद माझ्यापुढे आला. मी पेन उघडलं आणि थांबलो.

नोकरीसाठी मी दुसऱ्या शहरात घर शोधत होतो, तेव्हाची गोष्ट. फोनवर भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मग नाव सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की मालकांचा भाचा तिथे राहायला येणार आहे. त्या महिन्यात असे चार भाचे निघाले. कुणी अपमान केला नाही, सगळे गोड बोलले. एकाने तर समजावलं, सोसायटीचं वातावरण सांभाळावं लागतं. तो शब्द तेव्हापासून ओळखीचा आहे.

"आप्पा, चौथा मुद्दा काढा. नाहीतर माझ्याने सही होणार नाही."

"अरे भाई, ते तुझ्याबद्दल थोडंच आहे? तू तर आपला."

"आप्पा, पहिल्या वर्षी आम्हीही बाहेरचेच होतो."

आप्पा गप्प झाले. कुणीतरी म्हणालं, मुद्दा काढला तर अर्ज हलका पडेल. मला उलट वाटत होतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. प्लॉटवर किती बांधकाम करता येईल, हे तिच्यात बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. म्हणजे टेप घेऊन रस्ता मोजायला हवा. मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर पाहायला हवा. वातावरण कुठल्या टेपने मोजणार?

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. एकेका इमारतीला परवानगी देताना शेजाऱ्यांना विचारलं जात नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार लोकांच्या हरकती मागवल्या जातात त्या विकास आराखडा तयार होताना किंवा बदलताना. तेव्हा आमच्यापैकी एकानेही तो उघडून पाहिला नव्हता.

गोव्यात सांकवाळला २०२४ मध्ये भुतानी इन्फ्राच्या सुमारे ७०० घरांच्या प्रकल्पाविरुद्ध गावकरी उठले. टेकडी, पाणी, वीज, रस्ते असे त्यांचे प्रश्न होते. पंचायतीला जाब विचारला गेला, उपोषण झालं. पण गोव्यातल्या अशा लढ्यांत 'दिल्लीवाले' हा शब्दही सारखा कानावर येतो. पाण्याचा प्रश्न बाजूला पडतो आणि भांडण माणसांवर येतं. ते बिल्डरला सोयीचंच. लोक पाहुण्यांना विरोध करतात, असं म्हणून तो मोकळा.

शेवटी आप्पांनीच चौथ्या मुद्द्यावर रेघ मारली. दोघे जण नाराज होऊन उठून गेले, अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी टेप धरून रस्ता मोजला, आकडा अर्जात घातला आणि मी सही केली.

उत्तर यायचं आहे. इमारत चार मजल्यांची झाली तरी तिच्यात माणसंच राहायला येतील. त्यांची नावं काय असावीत, हे ठरवायला मी सही केलेली नाही.