पाठमोरी

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढलेल्या माणसाला माणसाची पाठ फार आवडते. गिऱ्हाइकाची पाठ दिसली की समजावं, काम झालं, पासबुक मिळालं, भांडण मिटलं. त्यामुळे फ्रेदरिक बाझीय या फ्रेंच चित्रकाराचं 'गुलाबी पोशाख' हे चित्र पुस्तकात पाहिलं तेव्हा मला ते एकदम घरचंच वाटलं.

एक कोवळी मुलगी कठड्यावर बसली आहे. अंगात गुलाबी पट्ट्यांचा झगा, त्यावर काळा एप्रन, आणि तोंड पलीकडे. पुढचा भाग सावलीत; समोर लेझ नदीपलीकडचं कास्तेल्नो गाव मात्र उन्हात न्हालेलं. भूमध्य समुद्र तिथून फार दूर नाही, पण चित्रात त्याचा थेंब नाही. तो फक्त उजेडात आहे. जागा दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिएजवळची मेरिकची इस्टेट, साल १८६४. मुलगी कोण? इंग्रजी पुस्तकं 'कझिन' म्हणून मोकळी होतात. मराठी माणसाला तेवढ्यानं झोप लागत नाही. शोधलं, तेव्हा कळलं, मावसबहीण! नाव तेरेज.

बाझीय श्रीमंत द्राक्षमळेवाल्याचा मुलगा. घरच्यांना तो डॉक्टर व्हायला हवा होता. त्याच १८६४ साली तो वैद्यकीच्या परीक्षेत नापास झाला आणि घरच्यांनी चक्क चित्रं काढायची परवानगी दिली. (आमच्या वेळी नापासांना बँकेच्या परीक्षेला बसवत.)

पण माझं मन जडलं ते त्याच्या हिशेबावर. मित्र क्लोद मोने तेव्हा कफल्लक. त्याचं 'बागेतल्या स्त्रिया' हे भलंमोठं चित्र १८६७ च्या सरकारी प्रदर्शनात नाकारलं गेलं. बाझीयनं ते विकत घेतलं. किंमत २,५०० फ्रँक, दरमहा ५० फ्रँकचे हप्ते. म्हणजे पन्नास महिने, चार वर्षं दोन महिने. जामीनदार नाही, व्याज नाही, तारण नाही! आमच्या मॅनेजरसाहेबांनी असा कागद पाहिला असता तर पाणी मागवलं असतं. बरं, बाझीयही घरून येणाऱ्या पैशांवर जगणारा. म्हणजे खरा हप्ता भरत होते माँपेलिएचे द्राक्षमळे. त्यात मोने पत्रांतून तगादा लावायचा. विकणाऱ्यानं उपकारकर्त्याला दटावायचं, हा प्रकार आमच्या कर्जखात्यालाही नवा.

पन्नास हप्ते १८७१ उजाडल्यावर फिटायचे. १८७० साली प्रशियाशी युद्ध पेटलं आणि बाझीय स्वखुशीनं सैन्यात गेला. २८ नोव्हेंबरला बोन-ला-रोलांदच्या लढाईत तो पडला. वय अठ्ठावीस, एकोणतिसाव्या वाढदिवसाला आठ दिवस कमी. वडील रणभूमीवर गेले आणि मुलाचा देह शोधून गावी घेऊन आले. मित्रांचं पहिलं एकत्र प्रदर्शन १८७४ मध्ये भरलं आणि 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं. असं प्रदर्शन भरवायची कल्पना १८६७ मध्येच बाझीय घरी पत्रातून कळवत होता.

हप्त्याच्या चित्राचं काय झालं? बाझीयच्या वडिलांकडून ते १८७६ मध्ये मानेकडे गेलं, रेन्वारनं काढलेल्या बाझीयच्या चित्राच्या बदल्यात. बापाला बागेतल्या बायका नको होत्या, पोराचं तोंड हवं होतं. पुढे माने आणि मोने यांचं बिनसलं आणि ते चित्र परत मोनेच्याच घरी आलं. १९२१ मध्ये मोनेनं ते फ्रान्स सरकारला विकलं. किंमत दोन लाख फ्रँक! मधल्या महायुद्धानं फ्रँक स्वस्त झाला होता हे बाजूला ठेवलं तर ऐंशी पट.

आज दोन्ही चित्रं पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात, एकाच छपराखाली आहेत.

हे सगळं मी आमच्या हिला रंगवून सांगितलं. तिनं पुस्तक जवळ ओढलं, बराच वेळ त्या पाठमोऱ्या तेरेजकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तो गेल्याचं हिला कुणी सांगितलं असेल हो?"