नाउरू : आतून पोखरलेले बेट

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, नाउरू नावाचे एक इवलेसे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे १२ हजार. बेटाला वळसा घालणारा रस्ता अवघा १९ किलोमीटरचा. मोटारीने निघालेला पाहुणा अर्ध्या-पाऊण तासात निघाल्या जागी परत येतो. एका बाजूला निळाशार समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळाची झाडे आणि टुमदार घरे. स्वर्ग म्हणतात तो हाच, असे कुणालाही वाटावे!

पण किनारा सोडून मधल्या पठारावर चढले की दृश्य पालटते. झाडे नाहीत, माती नाही. जिकडे पाहावे तिकडे प्रवाळखडकाचे करडे, टोकदार सुळके आणि त्यांच्यामधले खोल खड्डे. बेटाचा सुमारे ८० टक्के भाग असा ओसाड झाला आहे.

याचे कारण फॉस्फेट. सिडनीतील एका कचेरीत दार अडवायला ठेवलेला नाउरूचा दगड तपासला गेला आणि तो उत्तम प्रतीचे फॉस्फेट निघाला. १९०७ च्या सुमारास खाणकाम सुरू झाले. पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून ही खाण चालवली. नाउरूची माती खत होऊन परक्यांची शेते पिकवू लागली. बेटवासीयांच्या हाती मात्र नाममात्र मोबदला पडे. १९६० च्या दशकात त्यांना ऑस्ट्रेलियाजवळच्या दुसऱ्या बेटावर हलवण्याचाही प्रस्ताव आला. त्यांनी तो नाकारला.

१९६८ मध्ये नाउरू स्वतंत्र झाले आणि लवकरच खाणीही त्यांच्या ताब्यात आल्या. मग पैशाचा पूर आला. दरडोई उत्पन्नात हा देश जगातील आघाडीच्या देशांत गणला जाऊ लागला. प्राप्तिकर नव्हता. देशाची स्वतःची विमानसेवा होती आणि मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उभी राहिली. शेत विकून आलेला पैसा शेतकऱ्याने पीक समजून खर्च करावा, तसेच हे घडले. जमाखर्चात ती मिळकत दिसत होती, प्रत्यक्षात मुद्दल संपत होते.

फॉस्फेट आटले, गुंतवणुकी बुडाल्या. २००४ मध्ये ती इमारत विकावी लागली, तर २००५ मध्ये शेवटचे विमानही कर्जापायी गेले.

दरम्यान १९८९ मध्ये नाउरूने ऑस्ट्रेलियाला हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. स्वातंत्र्यापूर्वी उजाड झालेली जमीन पूर्ववत करून द्या, ही मागणी होती. १९९३ मध्ये तडजोड होऊन १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे ठरले. एका लहानशा देशाने बड्या शेजाऱ्याकडून ओरबाडलेल्या भूमीची किंमत वसूल केली, हे विशेषच. तरीही सुळक्यांवर माती पसरून पुन्हा झाडे उगवणे हे पैसे मोजण्याइतके सोपे नाही. पठाराचा बहुतेक भाग अजून तसाच आहे.

आज नाउरूकर किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात. समुद्राची पातळी वाढते आहे. लाटा दाराशी आल्या तर वर सरकायला त्यांच्याकडे एकच उंच जागा आहे, ते पोखरलेले पठार. तिथे घर बांधायचे, तर आधी जमीन तयार करावी लागेल.