वारा येईपर्यंत थांब

प्रिय ठकू,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, पोर चिडली आहे. इंग्लंडमधल्या गॉसपोर्टच्या धक्क्यावर बोट भरून तयार आहे आणि कप्तानानं निघणं दुसऱ्यांदा पुढे ढकललंय. “मावशी, बोटं आखडायला लागलीत, आणि आम्ही नुसते चहा पीत बसलोय,” म्हणालीस. मला झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

इकडे विश्रांतवाडीत कोजागरी झाली तरी पंखा बंद करवत नाही. पहाटे आळंदी रस्त्यावर जरा गारवा असतो, तेवढाच. तू मात्र थंडीतून उन्हाकडे निघालीस.

आजोबांची वही काढली. खडकीतली नोकरी सुटली तरी त्यांचं सॅपरपण, म्हणजे लष्करी इंजिनिअरपण, सुटलं नव्हतं, तुला माहीत आहे. त्या वहीत ‘तृष्णा’ची कात्रणं आहेत. सैन्याच्या इंजिनिअर्स कोरची ती शिडाची बोट 28 सप्टेंबर 1985 रोजी निघाली आणि पृथ्वीला वळसा घालून 10 जानेवारी 1987 रोजी मुंबईला लागली. शिडाच्या बोटीनं जगप्रदक्षिणा करणारी ती पहिली भारतीय तुकडी. दोन्ही तारखांखाली आजोबांची लाल रेघ आहे. लहानपणी तू त्या पानावर दूध सांडलं होतंस, त्याचा डाग अजून तसाच आहे.

त्यांचं सांगून झालं की ते नेहमी म्हणायचे, निघणं कुणालाही जमतं, कधी निघायचं ते कळायला हवं. तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा सल्ला वाटायचा. आता नाही वाटत. तुमच्या वाटेवरच्या बिस्केच्या उपसागरात हजारो मीटर खोल समुद्राचा तळ एकदम वर येतो, तिथे अटलांटिकच्या लाटा उभ्या राहतात आणि थंडीच्या तोंडावर एकामागून एक वादळं येतात. कप्तान त्यातली फट शोधतोय. कॅनरी बेटांवर पोचल्यावरही तुम्हाला थांबावंच लागेल, कारण अटलांटिकच्या पलीकडे चक्रीवादळांचा मोसम 30 नोव्हेंबरपर्यंत धरतात. मग मात्र शाळेत पाठ केलेले व्यापारी वारे पाठीशी येतील आणि कॅरिबियनमधल्या सेंट लुसियापर्यंत सुमारे 2,700 सागरी मैल तुम्हाला ढकलत नेतील.

आपल्या कोळ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत होडी किनाऱ्यावर ओढलेली, शीड गुंडाळलेलं, आणि अंगणात जाळं विणणारे हात. त्या दिवसांना कुणी रिकामे दिवस म्हणत नाही. दिलीप दोंदे 2009-10मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकटे जग फिरून आले, तेही चार बंदरांत थांबत. नंतर त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता आले. मला दोघंही सारखेच मोठे वाटतात.

तुला आठवतं, गॅलरीतल्या झोपाळ्याच्या कडीला तू दिवसभर एकच गाठ मारत बसायचीस? कितीही ओढली तरी आवळत नाही आणि हवी तेव्हा सुटते, ती. दोर झिजून त्याचे तंतू जमिनीवर पडायचे आणि आई ओरडायची. तिनं अजून त्या दोराचा तुकडा शिवणाच्या डब्यात ठेवलाय. परवा डिंकाचे लाडू वळताना ती मध्येच थांबली आणि मला म्हणाली, “रात्री पाळीला ही एकटीच असणार ना गं डेकवर?” मी हो म्हटलं. ती पुन्हा वळायला लागली.

म्हणून एवढंच मागते. जोवर कप्तान नको म्हणतोय तोवर खुशाल चहा पी. निघालात की रात्री हार्नेसचा पट्टा अडकवल्याशिवाय डेकवर एक पाऊलही टाकू नकोस, समुद्र कितीही शांत असला तरी. आणि बिस्के पार झालं की पहिला फोन मला नको, आईला कर.

तुझी,
मावशी