वाट मोकळी करणारा

राम राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया गावी झाला. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाची शाळाही बदलत गेली. १९३० साली सविनय कायदेभंगाचं वारं सुटलं तेव्हा बारा वर्षांचा राम त्यात ओढला गेला आणि धास्तावलेल्या वडिलांनी बिऱ्हाड परत गावी हलवलं. दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, हाच मुलगा बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलात भरती झाला. खडकीला प्रशिक्षण संपलं तेव्हा सर्वोत्कृष्ट रिक्रूट म्हणून कमांडंटची छडी त्याच्या हाती आली.

मग दुसऱ्या महायुद्धातला ब्रह्मदेश. बुथिडाँगहून सैन्य मागे फिरलं, त्या वेळी दारूगोळा आणि गाड्या नष्ट करण्यासाठी राणे यांची तुकडी मागे ठेवली गेली. काम झालं, पण माघारीची सोय हुकली. जपान्यांच्या पहाऱ्यातली नदी स्वतःच्या हिकमतीने ओलांडून ती तुकडी आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाली. राणे हवालदार झाले. १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचं कमिशन मिळालं. साध्या सॅपरपासून अधिकाऱ्यापर्यंतची ही चढण साडेसात वर्षांची होती.

पुढच्या चार महिन्यांत काश्मीरचं युद्ध त्यांना नौशेराला घेऊन गेलं. राजौरीत लोकांवर अत्याचार चालले होते, तिथं लवकर पोहोचणं भाग होतं आणि रस्ता सुरुंग व अडथळ्यांनी बंद होता. ८ एप्रिल १९४८ रोजी ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची एक तुकडी घेऊन राणे ४ डोगरा पलटणीच्या दिमतीला आले. नादपूरच्या दक्षिणेला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले, पाच जखमी; जखमींत राणेही होते. तरी ते जागचे हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत रणगाडे पुढे सरकले. डोगरांनी बरवाली टेकडी घेतली. नवव्या तारखेचा दिवस तोफांच्या माऱ्याखाली वळणरस्ते काढण्यात गेला. दहाव्या तारखेला आदल्या रात्रीचा अडथळा दोन तासांत फोडून ते पुढे निघाले, तर वाटेवर पाच प्रचंड पाइन वृक्ष आडवे पाडलेले, भोवती सुरुंग पेरलेले आणि वरच्या उतारांवरून मशीनगनचा वर्षाव. ११ एप्रिलला सकाळी सहापासून काम, अकरा वाजता राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि रात्री दहापर्यंत त्याच्या पुढचा. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचलं. सॅपर्समध्ये आजही सांगतात, की रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत जाताना राणे दोरीने हिसका देऊन वर बसलेल्या चालकाला इशारा करत.

या पराक्रमाची जात वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. पायदळाच्या शिपायाच्या हाती निदान बंदूक असते, गोळीला उत्तर देता येतं. सुरुंग काढणाऱ्याचे दोन्ही हात मातीत असतात. गोळीकडे पाठ करून, बोटं थरथरू न देता, एकेका इंचाचा विचार करावा लागतो. असं धैर्य क्षणाच्या आवेशात येत नाही. तासन्‌तास, सलग चार दिवस ते धरून ठेवावं लागतं.

२१ जून १९५० रोजी परमवीर चक्राची घोषणा झाली. त्या युद्धातल्या पाच परमवीरांपैकी तिघे रणांगणावरच गेले. लान्स नायक करमसिंग आणि राणे, हे दोघे जिवंत परतले. ज्या पदकाने त्यांचं नाव अमर केलं, त्याचा आराखडा खानोलकर या मराठी घरात सून म्हणून आलेल्या सावित्रीबाईंचा.

विजयकथा बहुधा इथेच थांबतात. राणे यांच्या आयुष्यात मात्र घर अजून यायचं होतं. भरतीनंतरची पंधरा वर्षं युद्ध, छावण्या आणि बदल्यांत गेली. ३ फेब्रुवारी १९५५ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कारवार भागातल्याच शिवेश्वर गावी त्यांचं लग्न झालं. तीन मुलगे आणि एक मुलगी. १९६८ साली मेजर पदावरून ते निवृत्त झाले तेव्हा थोरलं मूलही फार तर बारा वर्षांचं असणार. फौजी घराचा हिशेब सुट्ट्यांवर आणि पत्रांवर चालतो. घरच्या माणसाला पदकापेक्षा त्याचं परत येणं मोलाचं असतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पाच वेळा युद्धवृत्तांत नाव आलेला हा माणूस मुलं शाळकरी असतानाच त्यांच्या वाट्याला पूर्ण आला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात शौर्याइतकीच ठळक लिहायला हवी.

राणे ज्या सॅपर्समध्ये घडले त्यांचं केंद्र पुण्याजवळच्या खडकीत, आणि भोवतालचा सगळा पट्टाच फौजेच्या शेजाराचा. टाळगाव चिखलीहून भोसरीमार्गे पुण्याकडे निघालं की दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय लागतं. दुसऱ्या अंगाला दिघी, पलीकडे देहूरोडची छावणी. चिखली, मोशी, दिघीच्या वसाहतींत पेन्शनीवर आलेल्या अनेक सैनिकांनी घरं बांधली. त्यांतले कितीतरी जण पुढे चाकण–भोसरीच्या कारखान्यांच्या फाटकांवर पुन्हा गणवेश चढवून उभे राहिले, कारण चाळिशीच्या आसपास निवृत्त झालेल्या जवानाची मुलं अजून शिकत असतात. त्यांच्या नावांचे ग्रंथ होत नाहीत. राणे यांचं चरित्र वाचताना ही घरंही डोळ्यांपुढे असावीत.

११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात, शहात्तराव्या वर्षी राणे यांचं निधन झालं. त्यांच्या हयातीतच, १९८४ साली, भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव मिळालं होतं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘आयएनएस चपळ’ या युद्धनौकेच्या शेजारी त्यांचा पुतळा २००६ साली उभा राहिला. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या एकवीस निनावी बेटांना परमवीरांची नावं देण्यात आली. त्यांतलं एक राणे यांच्या नावाचं आहे.