मेपलखालचे सहा आठवडे

ओहायोतल्या आमच्या घरामागे एक जुना मेपल आहे. त्याच्याखाली गवत कधी धरलंच नाही, उन्हाळाभर इतकी गडद सावली. पण एप्रिलमध्ये मेपल उघडा असतो. पालवी दाटायला अजून काही आठवडे असतात, ऊन थेट मातीवर उतरतं आणि तेवढ्या अवधीत इथली रानफुलं आपला बहर उरकून घेतात.

आधी येतं ब्लडरूट. अंगाभोवती एकुलतं पान शालीसारखं लपेटून कळी वर येते. फूल पांढरंशुभ्र, रात्री मिटतं, आणि जोराचा पाऊस आला की पाकळ्या गळून जातात. एकदा माझ्या खुरप्याने त्याचा कंद दुखावला, तांबडा-केशरी रस बोटांवर आला. त्या वाफ्यात मी पुन्हा हत्यार नेलं नाही. मग व्हर्जिनिया ब्लूबेल्स, कळी गुलाबी आणि फूल निळं.

माझा जीव मात्र ट्रिलियमवर. तीन पानं, तीन पाकळ्या. पांढरं फूल जुनं होता होता गुलाबी होतं. बी रुजलं तरी पहिल्या वर्षी फक्त मूळ धरतं, पान दिसायला दुसरा वसंत लागतो आणि फुलायला ७ वर्षं, कधी त्याहून जास्त. म्हणून रानातून उपटून आणलेलं रोप घेताना हात धजत नाही. बियांपासून वाढवलंय का, हे नर्सरीत विचारूनच घेते.

उन्हाळा सरेपर्यंत सगळं नाहीसं होतं. पहिल्या वर्षी वाटलं, मेलं. आईला फोनवर रडत सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, शेवळं तरी कुठे वर्षभर दिसतात?" खरंच की. पहिल्या पावसाच्या सुमारास पालघरच्या बाजारात या रानभाजीच्या जुड्या येतात आणि बघता बघता संपतात. कंद रानात आपल्या जागी असतो.

तेव्हापासून मेपलचा पाचोळा मी झाडत नाही. खाली कंद निजलेले असतात, म्हणून तिथेच कुजू देते.

ट्रिलियमच्या बीला एक तेलकट तुकडा चिकटलेला असतो. त्यासाठी मुंग्या बी वारुळात नेतात, तुकडा खातात आणि बी टाकून देतात. यंदा कुंपणापाशी, जिथे मी काहीच लावलं नव्हतं, एक इवलंसं एकटं पान वर आलंय. त्याच्याभोवती मी चार खडे मांडून ठेवलेत.